बोरिवलीला उठणारा मित्र

परदेशी जाऊन राहिलेला माणूस सुट्टीवर गावी आला की त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "कधी आलात?" आणि दुसरा, "परत कधी जाणार?" या दोन प्रश्नांच्या मधले दिवस नातलगांकडचे चहा, लग्नांची आमंत्रणे, जमिनीचे उतारे, बँकेची कामे आणि दातांचा डॉक्टर यांत कसे सरतात ते कळतही नाही. आम्ही १९९२ पासून कॅनडात, टोरांटोला लागून असलेल्या मिसिसॉगा शहरात राहतो. एवढ्या वर्षांत आठ वेळा वसईला आलो. परंतु ज्यांच्या आधाराने आम्ही तेथवर पोहोचलो त्या मित्रांसाठी म्हणून सलग दोन दिवस आम्ही कधी काढले नव्हते. परतीच्या आदल्या संध्याकाळी अर्ध्या तासाची भेट, तीही घड्याळाकडे पाहत. या खेपेस, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, ते दोन दिवस काढले. ११ तारखेचा शनिवार आणि १२ चा रविवार. त्या दोन दिवसांची ही हकिकत आहे, आणि आमच्या एका कसुरीचीही.

हे मित्र शाळेतले नव्हेत, कॉलेजातलेही नव्हेत. ते गाडीतले. ज्याने विरार गाडीने रोजचा प्रवास केला आहे त्याला अधिक सांगावे लागणार नाही. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे साठ किलोमीटरांचे. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास. एवढा वेळ माणूस स्वतःच्या बायकोमुलांशीही बोलत नाही. फोर्टमधील एका कचेरीत आम्ही ड्राफ्ट्समन होतो आणि १९७६ पासून १९८४ पर्यंत, आठ वर्षे, आमची गाडी ठरलेली होती : वसई रोडची सात-बाराची. जमिनीचा उतारा आणि आमची गाडी यांचे नाव एकच, आणि दोहोंवरचा आपला हक्क शाबीत करायला सारखेच झगडावे लागते, असा विनोद आम्ही वर्षानुवर्षे करीत असू.

आम्ही चौघे होतो. नंदाखालचा एक आमच्याच समाजातला, बँकेत रोखपाल. तो विरारला चढे आणि रुमाल टाकून जागा धरी. नालासोपाऱ्याला दोघे चढत. एक मास्तर, दादरच्या एका शाळेत गणित शिकवणारे. दुसरा गिरणीत, साचेखात्यात फिटर. त्याला आम्ही 'फिटर' असेच म्हणत असू. वसईला आम्ही सर्वांत शेवटी, म्हणजे उभे राहणाऱ्यांत. परंतु आमच्या कंपूचा एक नियम होता. अर्धी वाट ज्याने बसून काढली त्याने उरलेली अर्धी उभ्याने काढायची. बोरिवली आली की कोणीतरी उठायचे आणि आम्हांला बसवायचे. पाळी सर्वांचीच असे. पण उठायचा मात्र फिटरच. "मला दादरलाच तर उतरायचंय, तुला चर्चगेटपर्यंत जायचंय," असे म्हणून तो डबा आमच्या मांडीवर ठेवी आणि वरच्या कडीला लोंबकळे. मास्तरांनाही दादरलाच उतरायचे असे, ही गोष्ट त्या आठ वर्षांत आमच्या लक्षात आली नाही, की लक्षात येऊनही आम्ही ती मनावर घेतली नाही, हे आता सांगणे कठीण आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूच्या माळा लागत आणि फिटर नारळ फोडी. नाताळच्या सुमारास आम्ही व रोखपाल घरचे फुगे डब्यातून नेत असू. कोणाच्या घरी बाळंतपण, कोणाच्या बहिणीचे लग्न, कोणाच्या बापाचे आजारपण, सारे त्या तीन माणसांच्या बाकावर ठरत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने फिटर आमच्याबरोबर गाडीला येत राहिला. गिरणीच्या फाटकावर सभा असे. मग तो दोन दिवसांआड येऊ लागला, आणि एके दिवशी त्याने पास काढला नाही. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. तो नुसता झिजून गेला. फिटर वसईच्या पूर्वेकडे, वालीवच्या एका लहानशा कारखान्यात रोजंदारीवर लागला. आम्ही १९८४ साली कुवेतला गेलो.

पुढची कथा आमच्या पट्टीतील अनेक घरांना ठाऊक आहे. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले आणि सहा वर्षांची आमची कमाई एका सकाळीत कागद होऊन गेली. खिशातल्या दिनारांना कोणी विचारीना. बसरा, बगदाद आणि तेथून जॉर्डनची सरहद्द ओलांडून अम्मान, असा तो प्रवास. लाखाहून अधिक भारतीय त्या वेळी मायदेशी आणले गेले. एअर इंडियाच्या अशाच एका विमानातून आम्ही हातातल्या एका पिशवीनिशी मुंबईला उतरलो. घरी वृद्ध आईवडील, पत्नी, दोन लहान मुले. फोर्टमधली जागा केव्हाच भरलेली.

कॅनडाचा अर्ज आम्ही १९९१ साली केला आणि तो मंजूर झाला. तिकिटांचे पैसे आणि सुरुवातीला हाताशी असावी लागणारी रक्कम उभी करायची होती. वाडीचा तुकडा विकण्याचे आम्ही मनात आणले होते, परंतु मित्र म्हणाले, "जमीन विकू नकोस. आम्ही बघतो." महिन्याभरात त्यांनी साठ हजार रुपये उभे केले. रोखपालाचे तीस, मास्तरांचे अठरा, फिटरचे बारा. बारा हजार! त्या वेळी फिटर रोजंदारीवर होता. आम्ही विचारले, "तू कोठून आणलेस?" तो म्हणाला, "भिशी लागली." आम्ही त्यावर विश्वास ठेवला. गरजवंताला विश्वास ठेवणे सोपे जाते.

आता कसुरीचे सांगतो. ते पैसे आम्ही फेडले. अगदी पैन् पै फेडले. पण कसे? रोखपालाचे १९९३ मध्ये, कारण तो पत्रे लिहिणारा. त्याच्या पत्रात पैशाचा उल्लेख नसे, पण पत्र आले की आठवण होई. मास्तरांचे १९९४ मध्ये, कारण त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते. आणि फिटरचे १९९५ च्या जूनमध्ये. तो पत्र लिहीत नसे. त्याने कधी विचारले नाही. मधल्या काळात आम्ही एक जुनी मोटार घेतली, मुलांसाठी बर्फातले कपडे घेतले, घराच्या पहिल्या हप्त्यासाठी रक्कम बाजूला टाकली. ज्याने मागितले नाही त्याला शेवटी दिले. त्या वेळी यात काही गैर आहे असे आम्हांला वाटले नाही. उलट, फेडले याचा अभिमानच वाटला.

एप्रिल २०२१ मध्ये फिटर कोविडने गेला. बातमी फोनवर आली तेव्हा मिसिसॉगाला पहाट होती. त्याच महिन्याच्या २२ तारखेपासून कॅनडाने भारतातून येणारी विमाने बंद केली, ती सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत. आलो असतो तर परत जाणे अवघड झाले असते, हे खरे. पण तसा अडसर नसता तर आम्ही आलो असतो काय, या प्रश्नाचे उत्तर आम्ही स्वतःला अजून दिलेले नाही. वहिनींना एक फोन केला. बोलणे झाले ते दोन मिनिटे.

असो. शनिवारी सकाळी दादरच्या मधल्या पुलाखाली भेटायचे ठरले होते. आम्ही वेळेआधी पोहोचलो आणि गर्दीत दोन तरुण शोधू लागलो. माणसाच्या डोळ्यांची ही खोडच आहे. ते जुनाच चेहरा शोधतात. शेवटी एका टक्कल पडलेल्या, काठी घेतलेल्या गृहस्थाने आमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटले, "सात-बारा गेली. आता सात-वीस पकडू." ते मास्तर होते. रोखपाल त्यांच्यामागे सुकेळ्यांचा पुडा घेऊन उभा. बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांचे तीन वृद्ध त्या पुलाखाली एकमेकांच्या गळ्यात पडले आणि मागून एक माणूस ओरडला, "ओ काका, बाजूला व्हा ना!" त्या आवाजानेच आम्ही खऱ्या अर्थाने मुंबईला पोहोचलो.

मास्तरांच्या मुलाने दादरला घर घेतले आहे. मुलगा आणि सून त्या आठवड्यात बाहेरगावी होती. दोन दिवस घर आमचे. मास्तरांनी पिठले केले, रोखपालाने घरून तळलेले बोंबील आणले होते. जेवताना जुन्या डब्यातली माणसे एकेक करून आठवली : तो टाळ वाजवणारा, तो पत्त्यांत हरला की राजीनाम्याची भाषा बोलणारा. कोण कोठे आहे याची यादी करू लागलो तेव्हा ध्यानात आले की यादीतली निम्मी नावे आता आपण 'कैलासवासी' म्हणून घेतो आहोत. रोखपाल म्हणाला, "गाडी तीच आहे रे, फक्त डबा रिकामा होत चाललाय." आणि मग कोणी काही बोलले नाही. फिटरचे नाव तोवर एकदाही निघाले नव्हते.

नाव मास्तरांनीच काढले. "संध्याकाळी वहिनींकडे जायचं आहे. मी कळवलंय."

वहिनी आता परळला राहतात. गिरणी कामगारांसाठी गिरण्यांच्याच जमिनीवर बांधलेल्या घरांची म्हाडाची मोठी सोडत २०१२ साली निघाली. त्यानंतरच्या एका सोडतीत फिटरचे नाव लागले. टॅक्सीतून जाताना आम्ही बाहेर पाहत होतो. ज्या भागात भोंग्यावर घड्याळे लावली जात तेथे आता काचेच्या इमारती आहेत. फिनिक्स गिरणीच्या जागी बाजारपेठ उभी राहिली त्यालाही आता बरीच वर्षे झाली. एल्फिन्स्टन रोड स्टेशनाचे नाव २०१८ पासून प्रभादेवी आहे. रस्ता ओळखू येत नव्हता. मास्तर बोटाने दाखवीत आणि 'इथे साचेखातं', 'इथे फाटक' असे सांगत होते, आणि आम्ही नुसते 'हो, हो' म्हणत होतो.

उंच इमारत, आणि आत सव्वादोनशे चौरस फुटांचे घर. एक खोली, कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा. भिंतीवर फिटरचा फोटो, चंदनी हार. सुनेने पाट-खुर्च्या मांडल्या. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या नातीने वाकून नमस्कार केला. वहिनींनी आम्हांला पाहिले आणि पहिले वाक्य बोलल्या ते, "भावोजी, केवढे पांढरे झालात हो!"

चहा झाला. आम्ही तयार करून आणलेली वाक्ये होती, ती बोललो. येता आले नाही, विमाने बंद होती, वगैरे. वहिनींनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग मुलांची चौकशी केली. थोरला काय करतो, धाकटी कोठे असते. थोरला इंजिनिअर आहे, धाकटी शाळेत शिकवते असे आम्ही सांगितले. वहिनी सुनेकडे वळून हसत म्हणाल्या, "बघ गं, माझ्या पाटल्या कुठे कुठे पोहोचल्या!"

आम्हांला अर्थ कळेना. आम्ही मास्तरांकडे पाहिले. मास्तर फोटोकडे पाहत होते. रोखपालाने कप खाली ठेवला.

"कसल्या पाटल्या, वहिनी?"

आता वहिनी गोंधळल्या. "अहो, तुम्हांला ठाऊक नाही? मला वाटलं, हे गेल्यावर तरी यांनी सांगितलं असेल." मग त्यांनी सांगितले, अगदी साध्या आवाजात, बाजारभाव सांगावा तसे. बारा हजार भिशीचे नव्हते. लग्नात माहेराहून आलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या फिटरने एका पेढीवर गहाण ठेवल्या होत्या. व्याज भरत होते. पण १९९३ च्या पावसाळ्यात कारखाना चार महिने बंद राहिला आणि व्याज थकले. १९९४ मध्ये मुदत संपली आणि पाटल्या गेल्या. आमचा ड्राफ्ट आला तो त्यानंतर एका वर्षाने.

"तुम्ही मागितले का नाहीत? एक पत्र टाकलं असतं तर..." आमच्या तोंडून निघाले, आणि निघताक्षणीच त्या वाक्याची आम्हांला लाज वाटली.

वहिनी म्हणाल्या, "मी म्हटलं होतं यांना. तर म्हणाले, तो तिथे बर्फात नवीन आहे, उभा आहे अजून. त्याला बसू दे."

त्याला बसू दे. गाडीतलेच शब्द. त्या लहानशा खोलीत आमचे डोळे भरून आले, आणि बहात्तराव्या वर्षी परक्या घरी रडायचे नसते हा संकेत आम्हांला पाळता आला नाही. खिशात पाकीट होते. हात तिकडे गेलाही. वहिनींनी ते पाहिले आणि त्यांचा आवाज प्रथमच थोडा कडक झाला. "भावोजी, ते राहू द्या. पैसे तुम्ही तेव्हाच फेडलेत. यांनी स्वतः मला ड्राफ्ट दाखवला होता. खूश होते. म्हणाले, बघ, माणूस बुडवणारा नाही."

रात्री दादरच्या घरी परतल्यावर आम्ही दोघा मित्रांना धारेवर धरले. तुम्हांला ठाऊक होते, मग तीस वर्षे गप्प का? रोखपाल म्हणाला, "त्याने शपथ घातली होती." मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शपथेचं एक सोड. आम्हांलाही सोयीचंच होतं. १९९४ साली तू माझे पैसे पाठवलेस तेव्हा मी लिहू शकलो असतो की, आधी त्याचे पाठव. माझ्या मुलीचं लग्न होतं. मी नाही लिहिलं." वाचकहो, त्या रात्री आम्हांला एकट्यालाच झोप लागली नाही असे नव्हे.

रविवारी सकाळी रोखपाल आणि आम्ही दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये मिस्साला गेलो. जुने मंदिर पाडून चार्ल्स कोरिया यांनी सत्तरच्या दशकात बांधलेली ती वास्तू आम्हांला त्या काळी विचित्र वाटे; त्या सकाळी तिथल्या शांततेचा आधार वाटला. गुडघे टेकले तेव्हा विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट मनात आली. बालपणापासून किती वेळा ऐकली आहे! श्रीमंतांनी आपल्या विपुलतेतून टाकले, तिने आपल्या कमतरतेतून. पण ती दमड्या टाकीत असता पाहणारे कोणी समोर बसले होते. पेढीच्या काउंटरवर पाटल्या काढून ठेवणाऱ्या बाईला कोणी पाहिले नव्हते. आणि ज्यांच्यासाठी ठेवल्या ते आम्ही, मोटारीचा रंग कोणता घ्यावा यावर त्या वर्षी घरात चर्चा करीत होतो. पापनिवेदनात आम्ही इतक्या वर्षांत पुष्कळ गोष्टी सांगितल्या असतील. ही कधी सांगितली नव्हती, कारण ही आपली चूक आहे हेच माहीत नव्हते. न मागणाऱ्याला विसरणे ही चूक कोणत्याही हिशोबाच्या वहीत दिसत नाही.

संध्याकाळी दादरहून तिघांनी विरार गाडी पकडली. २०१७ च्या ऐन नाताळच्या दिवशी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. तिने जाऊ, असे रोखपालाचे म्हणणे होते. मास्तरांनी ते हाणून पाडले. "दार उघडं नसेल तर ती आपली गाडी कसली?" रविवार असूनही गर्दी होती. बोरिवलीला माणसे उतरली आणि तिघांना एक बाक मिळाला. मास्तर खिडकीला, रोखपाल मध्ये, आम्ही कडेला. भाईंदरची खाडी यायच्या आत एक तरुण आला. खांद्याला पिशवी, डोळ्यांत झोप. म्हणाला, "काका, जरा सरकता का?" आम्ही तिघेही सरकलो. चौथ्या सीटवर अर्धे अंग बाहेर ठेवून तो बसला आणि दोन मिनिटांत त्याची मान आमच्या खांद्यावर कलंडली. वसई येईपर्यंत आम्ही खांदा हलवला नाही. उतरताना त्याला हळूच बाकाच्या पाठीला टेकवले.

परत आल्यावर सौभाग्यवतींना सारे सांगितले. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पहिल्या थंडीत मुलांना घेतलेले ते कोट..." आणि वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

पुढे वहिनींचा फोन आला. नातीचे लग्न ठरले होते. "आहेर नको," त्या म्हणाल्या, "तुम्ही या. यांच्या बाजूने उभं राहायला कोणीतरी हवं." आम्ही दोघांची तिकिटे काढली. नवीन पाटल्या घडवाव्यात की नाही, यावर आमच्या घरात पुष्कळ चर्चा झाली. चार तोळे सोने आज काही लाखांचे झाले आहे, आणि तेवढे पैसे, देवाच्या कृपेने, आमच्यापाशी आहेत. घडवल्या तर वहिनी त्यांना परतफेड समजतील अशी आम्हांला धास्ती, आणि न घडवल्या तर आमच्याच मनाला चैन नाही. शेवटी सौभाग्यवतींनी निकाल दिला : पाटल्या नातीला द्यायच्या, पण त्या कशाबद्दल आहेत हे सांगायचे नाही. जसे त्याने सांगितले नव्हते तसे.

लग्नाच्या दिवशी मात्र आम्ही सकाळी लवकर जाऊन मंडपाच्या दाराशी राहायचे ठरवले आहे. येणाऱ्या माणसांना पाणी द्यायला, वृद्धांना खुर्ची द्यायला. बसायचे नाही. त्या दिवशी उभे राहण्याची पाळी आमची आहे.